ठाण्याच्या पावसात तरवड: बियांपासून फुलापर्यंत

ठाण्यात तरवड लावणाऱ्या बहुतेकांचं रोप पहिल्याच जुलैत जातं. मे महिन्याच्या उन्हात ते टवटवीत असतं, चार दिवस पाणी चुकलं तरी पान मलूल होत नाही, आणि पावसाची झड लागली की आठ-दहा दिवसांत बुंधा मातीलगत काळा पडतो आणि वरचा शेंडा मान टाकतो. झाड नाजूक असतं म्हणून हे घडत नाही. नगर-सोलापूरकडच्या ज्या माळांवर तरवड आपोआप वाढतो तिथे वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात त्याहून जास्त एकट्या जुलैत पडतो आणि वर्षाचा आकडा अडीच हजारांच्या आसपास जातो. माळावरचं झाड इथे आणायचं तर त्याची तहान ही काळजीची गोष्टच नाही. त्याच्या मुळांशी पाणी थांबणार नाही एवढं पाहायचं, बाकी बरंच त्याचं तो बघतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. घाटावरचे शेतकरी आणि वनखात्याची जुनी माणसं सांगतात की तरवडाचं बी पावसाच्या तोंडावर टाकावं. घाटावर ते अगदी बरोबर आहे. ठाणे-नवी मुंबईत जूनमध्ये बी टाकलं तर उगवण छान होते आणि दोन पानांवर आलेली रोपं एकापाठोपाठ एक आडवी पडतात. इथे पेरणीचा काळ फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची अखेर. म्हणजे पाऊस येईपर्यंत रोपाला सव्वादोन ते पावणेचार महिने मिळतात, खोडाचा खालचा भाग तपकिरी आणि लाकडासारखा टणक होतो, आणि टणक झालेलं खोड सहसा कुजत नाही. डिसेंबर-जानेवारीतही पेरता येतं, पण रात्री गार असतात तेव्हा उगवण रेंगाळते. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर पेरलं तरी चालतं, फक्त फूल दिसायला तेवढा जास्त काळ थांबावं लागतं.

तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा. आयुर्वेदात आवर्तकी म्हणतात. तेलंगणाचं हे राज्यफूल, तिकडे बतुकम्मा या फुलांच्या सणातल्या रचनेत ते लागतंच. आपल्याकडे घाटावर नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. बागेत लावावं असं झाड का, तर बारमाही हिरवं राहतं, पुरुषभर किंवा थोडं अधिक उंच होतं, झळझळीत पिवळी, पाच सेंटिमीटरपर्यंतची फुलं झुपक्यांनी येतात आणि शेळ्या-गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. सोसायटीच्या कुंपणालगत हा शेवटचा गुण फार उपयोगी पडतो.

आता बी. नर्सरीत ‘कॅसिया’ या नावाने पिवळ्या फुलांचं जे रोप मिळतं ते बहुतेक वेळा तरवड नसतं, सेन्ना सुरॅटेन्सिस असतं. तेही चांगलं झाड आहे, पण वेगळं. म्हणून बी घेताना आईझाड पाहून घेतलेलं बरं. तरवडाच्या पानाच्या देठापाशी दोन्ही बाजूंना रुंद, पानासारखी हिरवी उपपर्णं असतात आणि ती गळून पडत नाहीत. बाकीच्या भाईबंदांत ती बारीक धाग्यासारखी असतात किंवा लवकर झडतात. दुसरी खूण पानाच्या मधल्या दांड्यावर: पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक बारीक उभी ग्रंथी दिसते. टाकळ्याला तीनच जोड्या आणि लांब सुतळीसारखी शेंग. कासविंद्याला टोकदार पर्णिका, चार-पाच जोड्या, आणि ग्रंथी फक्त देठाच्या तळाशी. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, आत बी जिथे आहे तिथे थोडी फुगलेली.

घाटाखाली तरवड क्वचित दिसतो. माळशेज चढून ओतूर-आळेफाट्याकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना, मुरमाड उतारांवर तो हवा तेवढा आहे. शेंगा साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत वाळतात. शेंग पूर्ण तपकिरी झालेली, हलवली की खुळखुळणारी घ्यायची, एकाच झाडावरून सगळ्या न घेता पाच-सहा झाडांवरून थोड्या थोड्या. येऊरला फिरायला जाणाऱ्यांना सांगायला हवं की तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथून बी, कलम, काहीही उचलायचं नाही.

शेंगा घरी आणल्या की लगेच फोडा. ठेवून दिल्या तर आत बसलेले भुंगेरे महिनाभरात बियांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं पाडून बाहेर येतात आणि डब्यात नुसतं पीठ उरतं. एका शेंगेत बारा ते वीस बिया असतात. भोक पडलेल्या, सुरकुतलेल्या, फिक्या बाजूला काढा. उरलेल्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. चांगलं बी गडद तपकिरी, चकचकीत आणि नखाने दाबलं तर जराही न दबणारं असतं. पेरणीला वेळ असेल तर दोन दिवस उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, बाटलीच्या तळाशी सिलिका जेलची एक पुडी. नीट वाळवलेलं बी काही वर्षं टिकतं. ठाण्याच्या दमट हवेत कागदाच्या पाकिटात ठेवलेलं मात्र पावसाळ्यात बुरशीला बळी पडतं.

या चकचकीत कवचातच खरी मेख आहे. बियांचं वरचं आवरण पाणी आत घेतच नाही. असंच बी मातीत टाकलं तर थोडी उगवतात, बाकीची महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात, आणि लोक समजतात की बी खराब होतं. माळावर ऊन, दगड-मातीची घासणी आणि एक-दोन पावसाळे हे काम करतात. आपल्याला ते ओट्यावर करायचं आहे.

दहा-वीसच बिया असतील तर नेलकटर सगळ्यात उत्तम. बियेला एका टोकाला बारीक डोळा असतो, जिथे ती शेंगेला चिकटलेली असते. अंकुर त्याच बाजूने बाहेर येतो, म्हणून त्या टोकाला हात लावायचा नाही. उलट्या, रुंद टोकाला कवचाचा नुसता पापुद्रा टिपायचा. आतला पांढरट-पिवळट भाग ठिपक्याएवढा दिसला की थांबायचं. खोल कापलं तर आतली दलं, म्हणजे बियेच्या डाळी, दुखावतात आणि बी भिजवल्यावर सडतं. नेलकटर जमत नसेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरवर तेच टोक पाच-सहा वेळा घासा, चकाकी जाऊन फिकट चट्टा दिसला की पुरे.

बिया जास्त असतील तर गरम पाणी. पातेल्यात बियांच्या पाचपट पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवा, मिनिटभर थांबा आणि मग बिया सोडा. गॅस चालू ठेवून बिया उकळू नका, अंकुर मरतो. झाकण न ठेवता पाणी निवू द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ज्या बिया दुप्पट फुगल्या असतील, कवचाची चमक जाऊन रबरासारख्या मऊ लागत असतील त्या पेरायला तयार. ज्या तशाच टणक राहिल्या त्या परत गरम पाण्यातून काढा किंवा नेलकटरने टिपा. फुगलेल्या बिया चोवीस तासांहून जास्त पाण्यात ठेवायच्या नाहीत. पाण्याला आंबूस वास आला तर उशीर झालाच म्हणायचा. शास्त्रीय लिखाणात गंधकाम्लात बी बुडवण्याची रीत सापडते. ती प्रयोगशाळेची, स्वयंपाकघराची नव्हे.

शेंगवर्गातलं झाड म्हणून काही जण बियांना रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू, चोळतात. सेन्नाच्या मुळांना चवळी-मुगासारख्या गाठी येत नाहीत, तेव्हा ते पाकीट घेऊ नका.

तरवडाचं सोटमूळ पहिल्या महिन्यातच वीतभर खाली जातं आणि ते मोडलं तर रोप रुसतं. त्यामुळे ट्रेमध्ये पेरून नंतर उपटून लावणं टाळा. थेट पिशवीत पेरा. 5 बाय 8 इंची काळ्या पॉलिबॅगा नर्सरीत किलोवर मिळतात. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन, खाली पाच-सहा भोकं पाडून वापरली तरी तेवढंच काम होतं. अर्ध्या लिटरच्या वीस पिशव्यांना साधारण 10 लिटर मिश्रण धरा: चार लिटर लाल माती, चार लिटर जाड वाळू किंवा क्रशरवरची बारीक कच, दोन लिटर चाळलेलं गांडूळखत. कच घेतली तर आधी धुवा, तिच्यातली दगडाची पूड सिमेंटसारखी बसते आणि निचरा बंद करते. वाळूच्या बाबतीत इथे एक स्थानिक धोका आहे. बांधकामावर पडलेली रेती खाडीची असेल तर तिच्यात मीठ असतं. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा. खारट लागली तर चार-पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर सरळ सोडून द्या. खारट रेतीतल्या रोपांच्या पर्णिकांच्या कडा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करपायला लागतात.

कोकोपीट जवळपास नकोच. बाजारातली तयार ‘पॉटिंग मिक्स’ बहुतेक निम्म्याहून अधिक कोकोपीटची असतात. शोभेच्या पानांच्या झाडांना ती चालतात, तरवडाला पावसाळ्यात ती ओल्या फडक्यासारखी गुंडाळून बसतात.

गांडूळखतात पेरणीच्या आठवडाभर आधी किलोला 5 ग्रॅम या हिशेबाने ट्रायकोडर्माची (रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) भुकटी कालवा, किंचित ओलसर करून सावलीत गोणपाटाखाली ठेवा. माती जुन्या कुंडीतली असेल तर काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून गच्चीवर तीन-चार आठवडे तापू द्या. मार्चच्या उन्हात हे छान होतं.

पिशवी काठाखाली दोन सेंटिमीटर ठेवून भरा, पाणी घालून एक रात्र निथळू द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल, आडव्या. वर जाड वाळूचा पातळ थर. मातीवर थेट पाणी पडून जी साय धरते ती या वाळूमुळे धरत नाही. पाणी बारीक झारीने, सकाळी, एकदा. फेब्रुवारी-मार्चच्या उबेत पाचव्या-सहाव्या दिवसापासून डोकी वर यायला लागतात आणि दोन आठवड्यांत जे उगवायचं ते उगवून होतं. आधी वाकलेला दांडा दिसतो, मग तो सरळ होत दोन जाडसर गोलट दलं वर उचलतो. बियेचं कवच टोपीसारखं अडकलं तर ओढून काढू नका. सकाळी थेंबभर पाणी लावा, दुपारपर्यंत आपोआप पडतं. दोन्ही बिया उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापा, उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं.

पहिल्याच खऱ्या पानाला चिमुकल्या पर्णिका असतात. संध्याकाळी त्या जोडीजोडीने मिटतात. पहिल्यांदा पेरणारे हे पाहून घाबरतात आणि रात्री पाणी घालतात. पर्णिका सकाळी पुन्हा उघडल्या तर रोप ठणठणीत आहे. दिवसा भर बारा वाजता मिटलेल्या दिसल्या तरच मातीत बोट घालून बघा. असंच मुंग्यांचं. पानाच्या दांड्यावरच्या त्या ग्रंथी किंचित गोड रस देतात, त्यासाठी मुंग्या येतात. पानामागे मावा किंवा पिठ्या ढेकूण नसेल तर मुंग्यांना हाकलण्याचं काही कारण नाही.

उगवल्यापासून पहिले तीन आठवडे रोपमराचा धोका सगळ्यात जास्त. खूण अशी: दांडा मातीच्या रेषेवर दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक होतो, पाणचट दिसतो, आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप आडवं होतं. एकदा आडवं झालेलं उठत नाही. ती पिशवी मातीसकट बाजूला करा, उरलेल्यांचं पाणी दोन दिवस बंद करा, वारा खेळेल अशा जागी हलवा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मातीच्या वरच्या थरात थोडं थोडं ओता. ट्रायकोडर्मा घातलेलं असेल तर हे ताम्रयुक्त औषध त्याचंही काम थांबवतं, म्हणून आधी पाणी तोडून बघा आणि औषध नाइलाज झाला तरच. खरं तर मार्चमधली रोपमर जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होते: ग्रिलमध्ये पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवलेल्या आणि रोज संध्याकाळी भरपूर पाणी. पिशव्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, क्रेटमध्ये उभ्या करा, क्रेट दोन विटांवर.

पहिले दोन आठवडे सकाळचं कोवळं ऊन. चार खरी पानं आली की पूर्ण ऊन, सहा तासांहून कमी नको. ठाण्यातल्या टॉवरांत पूर्वेच्या ग्रिलला अकरानंतर ऊन संपतं, तिथे तरवड उंच, किडकिडीत होतो आणि फुलत नाही. पश्चिम किंवा दक्षिण बाजू हवी, नाहीतर गच्ची. एप्रिल-मेमध्ये पिशवीला एक दिवसाआड पाणी लागतं, कारण पिशवी छोटी असते. मोठ्या कुंडीत गेल्यावर आठवड्यातून दोनदा पुरतं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. न खुडलेलं रोप सरळ काठी होतं आणि पावसाळी वाऱ्यात मोडतं.

पिशवीच्या भोकांतून मूळ डोकावलं की कुंडी बदला. साधारण एप्रिलच्या अखेरीस, उशिरात उशिरा मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर थांबू नका, कारण नव्या कुंडीत मूळ पसरायला पावसाआधी तीन-चार आठवडे हवेत. मुळांनी न भरलेली मोठी कुंडी जूनमध्ये म्हणजे नुसतं ओल्या मातीचं पिंप. पिशवी उभी चिरून मातीच्या गोळ्यासकट रोप बसवा. आधी 10 इंची कुंडी, पुढच्या वर्षी 16 इंची. दोन भाग मुरूम मिसळलेली लाल माती, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग जुनं शेणखत, कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. मुरूम विकत घ्यावा लागत नाही, कुठे तरी पायाचं खोदकाम चालू असतंच. विचारून एक गोणी आणा.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या-विटांचा थर देण्याची पद्धत सगळीकडे आहे. तिने निचरा वाढत नाही, उलट बिघडतो. बारीक मातीतून पाणी जाड थरात सहज उतरत नाही, थराच्या वरच्या मातीत अडून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून एकच मिश्रण भरा. भोकं मात्र वाढवा. 10 इंची प्लॅस्टिक कुंडीला किमान पाच, अंगठ्याएवढी. रोपाची मान, म्हणजे खोड जिथे मातीत शिरतं ती जागा, आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर उंच राहील असं बसवा आणि त्याभोवती बारीक खडीचा दोन सेंटिमीटर थर द्या. पालापाचोळ्याचं आच्छादन उन्हाळ्यात ठीक आहे, मेच्या शेवटी ते काढून टाकायचं.

आणि मग जून.

शक्य असेल तर पहिल्या पावसाळ्यात रोप थेट पावसात ठेवू नका. आमच्या पाहण्यात सगळ्यात चांगली जागा म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडची कड, जिथे वरून पाऊस येत नाही पण तिन्ही बाजूंनी वारा आणि आभाळाचा उजेड मिळतो. ग्रिलवर छज्जा असेल तर भिंतीकडची आतली बाजू. कुंड्या विटांवर, खाली ताटली अजिबात नाही. ताटलीतलं पाणी भोकांतून परत वर चढतं, शिवाय डासांच्या अळ्या होतात. छताखाली ठेवलेल्या कुंडीला पाणी घालायचं मात्र लक्षात ठेवा. बाहेर धो धो कोसळत असतं तेव्हा आतली कुंडी कोरडी पडलेली कुणाच्या लक्षात येत नाही. तीन आठवडे थेंब न मिळालेलं लहान रोपही मरतं, मग दोष पावसाला दिला जातो. आठ-दहा दिवसांनी लाकडी काडी चार इंच खुपसून काढा. कोरडी निघाली तर एक तांब्या.

काही जण कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा कागद बांधतात, खोडाभोवती घागऱ्यासारखा. खोडावरून ओघळणारं पाणी नेमकं त्याच्या आत जातं आणि मान बंदिस्त ओलीत राहते. पावसातच ठेवणं भाग असेल तर कागदापेक्षा कुंडी एका बाजूला विटेचा तुकडा देऊन कलती करा. वरचं पाणी वाहून जातं आणि खालची भोकंही एका कडेला रिकामी होतात. जूनच्या सुरुवातीला आतल्या दाटीतल्या दोन-तीन फांद्या काढून टाका म्हणजे खोडाला वारा लागेल. जून ते सप्टेंबर कसलंही खत नाही, द्रवरूपही नाही. नत्र मिळालं की कोवळी फूट येते आणि तिलाच कूज आधी लागते.

पावसात खालची पानं पिवळी पडून गळतात, झाड थोडं विरळ दिसतं. तेवढ्याने घाबरू नका. धोक्याची खूण पानात नाही, मानेत असते. अंगठ्याच्या नखाने मातीलगतची साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर ठीक. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचं निघालं आणि ते खोडाच्या निम्म्या घेरापर्यंत गेलं असेल तर ते झाड गेलं. कोवळ्या फांद्यांची छाट कलमं लावून बघायचा मोह होतो, पण पावसाळी हवेत ती बहुधा कुजतात. माती टाकून द्या, कुंडी घासून धुवा, पुढच्या फेब्रुवारीला नवीन बी. म्हणूनच पाच झाडं हवी असतील तर पंधरा पिशव्या पेरायच्या.

जमिनीत लावायचं असेल तर पहिला पावसाळा कुंडीत काढून ऑक्टोबरमध्ये लावा. ठाण्यात टेकडीकडच्या बाजूला, घोडबंदरच्या उतारांवर किंवा नवी मुंबईत खारघरच्या डोंगरालगत मुरमाड जमीन आहे, तिथे हे झाड फारसं काही मागत नाही. खाडीच्या बाजूचं वेगळं. ऐरोली, नेरूळच्या खाडीकडच्या पट्ट्यांत भरावाची जमीन आहे, खाली चिकट खारी माती आणि पावसाळ्यात पाणी अगदी वर. तिथे खड्डा खणून लावू नका. खड्डा हा त्या जमिनीत पाण्याचा हौद होतो. जमिनीच्या वर मुरूम आणि मातीचा दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा करा आणि त्याच्या माथ्यावर लावा. दोन झाडांत पाच फूट. कुंपण करायचं तर तीन फूट.

ऑक्टोबर तापायला लागला की तरवड बदलतो. नवी फूट येते, पानं गडद होतात. आता मूठभर शेणखत आणि चमचाभर लाकडाची राख. त्याच सुमारास रात्री दव पडायला लागतं आणि पानांवर पांढरी भुरी दिसते. लागलेली पानं काढा, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. पिठ्या ढेकणासाठी निंबोळी तेल 5 मिली आणि दोन-तीन थेंब भांडी घासायचा साबण एक लिटर पाण्यात. हिरव्या, बाजूला फिकट रेघ असलेल्या अळ्या दिसल्या तर फवारू नका. त्या एमिग्रंट किंवा ग्रास यलो फुलपाखरांच्या असतात. पानं खातात, झाड मरत नाही, दोन आठवड्यांत पुन्हा पालवतं.

बियांपासूनच्या झाडाला फूल सहसा दुसऱ्या वर्षी येतं. छाटणी फुलांचा मुख्य बहर संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, एक तृतीयांश. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून पावसाळ्याच्या मध्यावर छाटलं तर त्या वर्षीचा बहर हातचा जातो. एक झाड भरपूर फुलतं आणि तरीही शेंग धरत नाही अशी तक्रार उंच मजल्यांवरून येते. तरवडाच्या फुलात मध नसतो आणि पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला पकडून अंग थरथरवतो, घूं असा आवाज येतो, आणि त्या कंपनाने पराग उडतात. बाराव्या मजल्यावर भुंगा क्वचितच पोचतो. शेंगा हव्याच असतील तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास बॅटरीवरच्या टूथब्रशची मागची बाजू पुंकेसरांना हलकेच टेकवा, खाली काळ्या कागदाचा तुकडा धरा. पिवळी पूड पडलेली दिसते. ती दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या लांब वाकड्या स्त्रीकेसराच्या टोकाला रंगाच्या बारीक ब्रशने लावा.

औषधी उपयोगाबद्दल बोलायचं तर आयुर्वेद आणि तमिळनाडूकडचं सिद्ध वैद्यक या दोन्ही परंपरांत हे झाड जुनं आहे. फूल, पान, बी, साल, मूळ अशी पाचही अंगं वापरात आहेत. फुलांचा काढा मधुमेहात आणि लघवीच्या तक्रारींत देतात, सालीत टॅनिन भरपूर असल्याने तिच्या काढ्याच्या गुळण्या घसा आणि हिरड्यांसाठी करतात, पाल्याचा लेप मुक्या मारावर बांधतात. दक्षिणेत ही साल कातडी कमावायलाही मोठ्या प्रमाणावर वापरत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता फुलांचा चहा रोज सुरू करू नये, साखर एकदम खाली येऊ शकते. फिटसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी तर टाळावाच. उंदरांवरच्या प्रयोगात तरवडाच्या चहामुळे या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. गरोदरपणातही नको.

चहासाठी फुलं वाळवायची तर त्या झाडावर आदल्या महिन्यात गंधक किंवा ताम्रयुक्त औषध मारलेलं नसावं. सकाळी नुकतीच उमललेली फुलं खुडा, देठं काढा, स्टीलच्या चाळणीत एकेरी थर पसरून पंख्याखाली सावलीत ठेवा. ऑक्टोबरच्या दमटपणात दोन दिवसांत वाळली नाहीत तर बुरशी धरते, मग ती फेकायची, उन्हात टाकून वाचवायची नाहीत. बोटांत चुरचुरली की बरणीत. सालीसाठी जिवंत झाडाचं खोड सोलू नका, गोल पट्टा निघाला तर वरचं सगळं वाळतं. छाटणीत बोटभर जाडीच्या फांद्या निघतात, त्यांच्यावर उभी चीर द्या, साल हातानेच सुटते.